रस्ता भिंतीपासून मोजायचा: सांगलीतला एखादा रस्ता चालणाऱ्यांसाठी कसा आखावा

रस्त्याचा आराखडा काढायला बसलं की आपल्याकडे पहिली रेघ मधोमध पडते. तिच्या दोन्ही अंगांना गाड्यांच्या लेन, मग पार्किंग, मग गटार, आणि गटाराच्या झाकणावर जे उरेल तो फूटपाथ. त्या उरलेल्या पट्टीत डीपी (विजेची पेटी) बसतो, जाहिरातीचा खांब बसतो, आणि चालणारा माणूस खाली उतरून गाड्यांत शिरतो. इथे क्रम उलटा धरला आहे. टेपचं टोक भिंतीला लावायचं, आधी चालणाऱ्याची जागा काढून घ्यायची, मग सायकल, झाडं, विक्रेते, थांबे, आणि शेवटी गाड्या.

सांगलीत हे करणं इतर अनेक गावांपेक्षा सोपं आहे. कृष्णाकाठचं गाव, चढउतार जवळजवळ नाहीत. गणपती मंदिरापासून विश्रामबागेपर्यंत सायकलने वीसेक मिनिटांत आरामात जाता येतं. रस्तेही दोन ठळक प्रकारचे आहेत: गणपती पेठ, कापड पेठ, हरभट रोड यांसारखे जुने, अरुंद, दुकानांनी गच्च भरलेले, आणि शंभर फुटी रस्त्यासारखे नवे, ऐसपैस, जिथे गाडी हातातून सुटते. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, पण मोजायची सुरुवात तीच.

हे सुशोभीकरण नव्हे, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी आणि ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्यांत मोटारीत बसलेला माणूस अल्पसंख्य आहे, तरी आराखडा त्याच्यासाठी होतो.

रस्ता निवडणं आणि मालक शोधणं

पूर्ण शहर हातात घेऊ नका. पाचशे मीटर पुरे. ज्याच्या एका टोकाला शाळा, मंडई, एसटी स्टँड किंवा दवाखाना आहे आणि जिथून लोक आजही गैरसोय सोसून चालतात, असा तुकडा निवडा. जिथे कोणी चालतच नाही तिथला फूटपाथ उद्घाटनापुरता राहतो.

मग तो रस्ता कोणाचा ते शोधा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ची. पण तिच्या हद्दीतले सगळे रस्ते तिचे नसतात. काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, काही राष्ट्रीय महामार्गाचे. अर्ज चुकीच्या दारात पडला तर तो फक्त फिरत राहतो. विकास आराखड्यातली रुंदी आणि प्रत्यक्षातली रुंदी या दोन्ही आकड्यांची माहिती लेखी मागवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. त्याच अर्जात गेल्या काही वर्षांत त्या रस्त्यावर झालेल्या कामांची यादी मागा. एकाच जागी किती वेळा खोदकाम झालं हे कळलं की पुढे बोलणं सोपं जातं.

गाड्या नव्हे, माणसं मोजा

वाहतुकीची गणती म्हणजे चौकात बसून गाड्यांच्या रेघा मारणं, असा समज आहे. त्या गणतीत चाळीस माणसं घेऊन जाणारी एसटी हे एक वाहन, आणि एकटा मालक बसलेली गाडी हेही एक वाहन. पायी चालणारा तर कागदावर येतच नाही. तुम्ही माणसं मोजा. चालणारे, सायकलवाले, दुचाकीवर किती जण, रिक्षात किती, वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) किती, बसमध्ये अंदाजे किती. दर तासाला पंधरा मिनिटं मोजून चारने गुणलं तरी चित्र स्पष्ट होतं. एक साधा वार आणि एक बाजाराचा वार घ्या. सकाळी शाळेची वेळ आणि संध्याकाळी दिवे लागल्यानंतरची वेळ चुकवू नका. संध्याकाळी बायका, म्हातारी माणसं आणि मुलं वेगळी मोजा. दुपारी दिसणाऱ्या बायका रात्री आठला गायब होत असतील, तर त्या रस्त्याला दिवे आणि उघडी दुकानं हवी आहेत, नुसते पेव्हिंग ब्लॉक नव्हेत.

लोक कुठून रस्ता ओलांडतात तेही नकाशावर टिपा. झेब्रा पट्टा कुठे आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. माणूस सरळ जातो. पट्टा शंभर मीटर लांब आणि मंडईचं दार समोर असेल, तर चूक पट्ट्याची आहे.

वेग मोजायला यंत्र लागत नाही

रस्त्याच्या कडेला खडूने पन्नास मीटरवर दोन खुणा करा आणि मोबाईलच्या घड्याळावर गाडी दोन्ही खुणांमधून किती सेकंदांत जाते ते पाहा. सहा सेकंद म्हणजे ताशी ३० किलोमीटर. साडेचार म्हणजे ४०. तीन सेकंद म्हणजे ६०. पन्नासेक गाड्या मोजल्या की रस्त्याचा स्वभाव कळतो. ही मोजणी गर्दी नसताना करा, कारण गर्दीत सगळेच सभ्य असतात.

एवढा आटापिटा कशासाठी? ताशी ३० ने येणारी गाडी चालकाला माणूस दिसल्यापासून साधारण तेरा मीटरमध्ये थांबते: एक सेकंद भानावर यायला, मग ब्रेक. ५० ने आली तर जवळपास अठ्ठावीस मीटर लागतात, तेही रस्ता कोरडा असताना. पंधरा मीटरवर पोरगं आडवं आलं तर पहिल्या गाडीतला माणूस शिव्या देऊन पुढे जातो. दुसऱ्या गाडीचा वेग त्या पंधरा मीटरमध्ये जेमतेम कमी व्हायला लागलेला असतो.

कायद्याचा भरवसा इथे तोकडा पडतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ६० ची कमाल मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी ती खाली आणू शकतो, आणि शाळेच्या रस्त्यावर ३० ची मागणी करावीच. पण पाटी लावून वेग उतरत नाही. लेन अरुंद केली की उतरतो. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. गावातल्या रस्त्याला तीन मीटर पुरतात, बस जाते तिथे सव्वातीन.

वाटणी: रुंद रस्ता

शंभर फूट म्हणजे साधारण तीस मीटर. मधोमध कापला तर प्रत्येक बाजूला पंधरा. आता भिंतीपासून निघा.

पहिला अर्धा मीटर दुकानाचा: पायरी, पाटी, काच बघत उभं राहणारा माणूस. ही जागा दिली नाही तर ती चालण्याच्या जागेतून कापली जाते, म्हणून आधीच सोडा. पुढचे अडीच मीटर निव्वळ चालायला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या संहितेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, निवासी भागाला किमान १.८ मीटर आणि बाजारपेठेला २.५ मीटर मोकळा फूटपाथ सांगितला आहे. मोकळा या शब्दावर जोर द्या. खांब, झाड, डीपी, कुंडी, काहीही त्यात येत नाही. फूटपाथ तीन मीटरचा दाखवून मधोमध डीपी उभा केला, तर तो दोन्हीकडून मीटरभराचाच फूटपाथ झाला.

त्यापुढे दोन मीटर सायकलला आणि अर्धा मीटरचा दुभाजक, म्हणजे उभ्या गाडीचं दार सायकलवाल्याच्या गुडघ्यावर उघडत नाही. मग अडीच मीटरचा मिश्र पट्टा: झाडं, दिव्याचे खांब, डीपी, विक्रेते, बसथांबा, मध्येमध्ये गाड्या लावायचे कप्पे. हातगाडीला सव्वा मीटर, गिऱ्हाईकाला उभं राहायला सव्वा मीटर, सगळं पट्ट्यातच मावतं. उरले सात मीटर. त्यात तीन आणि सव्वातीनच्या दोन लेन, आणि पाऊण मीटर मधल्या दुभाजकाचा अर्धा हिस्सा. दोन्ही बाजू मिळून दुभाजक दीड मीटरचा होतो. तेवढ्यात मूल कडेवर घेतलेली बाई दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या मध्ये सुरक्षित उभी राहते.

बेरीज करून बघा: ०.५ + २.५ + २ + ०.५ + २.५ + ६.२५ + ०.७५. पंधरा. दोन्ही दिशांना दोन-दोन लेन गाड्यांना मिळाल्याच आहेत. शंभर फूट असूनही जागा नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला हीच बेरीज दाखवा.

सायकलपट्ट्याबद्दल एक खबरदारी. तोंडाशी खांब लावले नाहीत तर तो गाड्यांचा शॉर्टकट होतो. खांबांमध्ये सुमारे एक मीटर अंतर ठेवा, म्हणजे तीनचाकी सायकल आणि व्हीलचेअर जाते, मोटार अडते. दुचाकी त्यातूनही जाईल. तिला अडवायला पहिले काही आठवडे माणूस उभा करावा लागतो, त्याला पर्याय मला तरी दिसलेला नाही.

वाटणी: पेठेतला रस्ता

नऊ मीटरच्या पेठेत वरचा हिशेब चालत नाही. दोन्हीकडे अडीच मीटरचे फूटपाथ काढले तर चार मीटर उरतात. त्यात टेम्पो उभा राहिला की सगळंच थांबतं. इथे फूटपाथ बांधूच नका, असं माझं मत आहे. संपूर्ण रस्ता एका पातळीत घ्या, कर्ब (फूटपाथची उंच कड) न ठेवता. कडेला पाण्याची उथळ सरी, तिच्या आतल्या बाजूला चालायची पट्टी वेगळ्या रंगाच्या फरशीने दाखवा आणि मधे तीन मीटरचा एकेरी गाडीमार्ग ठेवा. दोन्हीकडे पायऱ्यांना ०.३ आणि चालायला १.८ मीटर सोडले, तरी गाडीमार्गाशेजारी १.८ मीटरचा पट्टा मिळतो. हा पट्टा वीस-तीस मीटरवर बाजू बदलू द्या. गाडीची वाट थोडी नागमोडी झाली की वेग आपोआप पंधरा-वीसवर येतो. पट्ट्यात पक्कं बांधकाम काहीही नको: आग लागली तर बंबाला तीन अधिक १.८, म्हणजे ४.८ मीटर मोकळे मिळायला हवेत.

व्यापाऱ्यांची पहिली हरकत ठरलेली असते: माल कसा उतरणार? ती रास्त आहे, आणि तिचं उत्तर वेळेत आहे. सकाळी दहाच्या आत आणि रात्री दुकानं बंद झाल्यावर टेम्पोला मुभा, मधल्या वेळेत हातगाडी. स्पेनमधल्या पॉन्तेवेद्रा या ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या शहराने १९९९ पासून जुन्या गावठाणातून गाड्या काढायला सुरुवात केली, तेव्हा मालवाहतुकीला अशीच सवलत ठेवली. दुसरी हरकत असते की गिऱ्हाईक गाडीशिवाय येणार नाही. इथे तुमची गणती कामाला येते. दुकानाच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक कसं आलं ते व्यापाऱ्यालाच आठवडाभर लिहायला सांगा. त्याच्या वहीतला आकडा त्याला पटतो. आपला पटत नाही.

सांगलीत आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे गणेशोत्सव आणि मिरवणुका. मांडवासाठी दरवर्षी फरशा उखडतात आणि वर्षभर तसंच राहतं. आखतानाच ठरलेल्या जागी झाकणाचे लोखंडी पाइप जमिनीत पुरा. मांडवाचा खांब त्यात बसतो, उत्सव संपला की झाकण लावायचं. वाहनं अडवणारे खांबही काढता येतील असेच घ्या. मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे आधी विचारा. तेच सांगतील कुठली मूर्ती किती उंच असते आणि कुठल्या वळणावर अडते.

कोपरे आणि ओलांडणं

चालणाऱ्याला वळणावर आणि ओलांडताना धोका असतो, म्हणून पैसा कमी असेल तर आधी कोपरे दुरुस्त करा. फूटपाथचा कोपरा नऊ-दहा मीटर त्रिज्येने गोल केला की दुचाकी वेग न उतरवता वळते, आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही वाढतं. गल्लीच्या तोंडाशी तीन-चार मीटर त्रिज्या पुरते. जिथे एसटी वळते तिथेच जास्त द्या.

गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथे फूटपाथ खाली उतरवू नका. तो आहे त्या उंचीवर सरळ पलीकडे न्या आणि गाडीला चढू द्या. याला टेबलटॉप म्हणतात. उंची दहा सेंटिमीटर, दोन्हीकडे मीटर-दीड मीटरचा उतार. पाऊस विसरू नका: टेबलटॉपच्या अंगाला जाळीचं गटार नसेल तर पहिल्या वळवातच तिथे तळं होईल, आणि मग लोक तो फोडा म्हणून अर्ज देतील.

गतिरोधकाबद्दल थोडं. आपल्या गल्ल्यांतले बरेच उंचवटे डांबराची हातभर रुंद वळकटी असतात. त्यावर मागे बसलेल्या आजीबाईंची कंबर जाते आणि चालक पुढे पुन्हा वेग घेतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ ने सुखाने पार होतो. तसाच मागा.

फूटपाथचं बांधकाम

कर्ब पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच नको. फूटभर उंच फूटपाथवर कोणी चढत नाही. उताराचं प्रमाण एकास बारा: पंधरा सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबी. बंगल्याच्या फाटकाशी फूटपाथ तोडू नका. गाडी चढून जाईल. दर पाच मीटरला वरखाली होणारा फूटपाथ सोडून माणसं रस्त्यावरून चालतात आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो.

सांगलीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट वाळू टाकून ब्लॉक बसवले तर दुसऱ्या वर्षी ते डुलतात. माती काढून मुरूम दाबायचा, त्यावर खडीचा थर, मग तीन-चार सेंटिमीटर वाळू आणि वर ब्लॉक, ही उतरंड इस्टिमेटमध्ये स्वतंत्र ओळींत दिसली पाहिजे. चालायला ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक, फाटकांसमोर ८०.

अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरश्यांवर रेघा असतील तर पुढे चला, ठिपके असतील तर थांबा. त्या रेघा थेट विजेच्या खांबात नेऊन सोडलेल्या मी पाहिल्या आहेत. आखणीच्या दिवशी डोळे मिटून त्यावरून चालून पाहायला एक माणूस लावा.

आणि पातळी. दर नूतनीकरणात जुन्या थरावर नवा थर चढवला की रस्ता वर येतो, घरांचे उंबरे खाली जातात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात दोन इंचाचीही किंमत असते. शामरावनगरसारख्या सखल भागात तर आधी जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा नको, असं लेखी मागा.

विक्रेते आणि पार्किंग

फूटपाथ मोकळा करायचा म्हणजे हातगाड्या उचलायच्या, हे समीकरण मोडा. भाजीवाली बसते तिथे रात्री दिवा असतो, वर्दळ असते, आणि त्या रस्त्याने एकटीदुकटी मुलगी निर्धास्त जाते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेतेच असतात, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कोणाला हटवता येत नाही. तेव्हा नकाशा घेऊन विक्रेत्यांकडेच जा. कुठे सावली असते, कुठे गिऱ्हाईक थांबतं, पाणी कुठून आणतात, हे विचारून मिश्र पट्ट्यात जागा आखा. नळ, कचऱ्याचा डबा आणि वजनकाट्यापुरता विजेचा पॉइंट दिला तर गाडा आखलेल्या जागेवरून सहसा हलत नाही.

पार्किंगवर मात्र नमतं घेऊ नका. एक मोटार दहा-बारा चौरस मीटर अडवते. तेवढ्यात पाच-सहा दुचाकी लागतात, किंवा दोन हातगाड्या गिऱ्हाइकांसकट. बाजारपेठेत दिवसभर उभ्या असलेल्या गाड्या बऱ्याचदा दुकानदारांच्याच निघतात. गाड्यांचे शेवटचे चार आकडे दर तासाला टिपले की दोन दिवसांत कळतं. पहिल्या तासाला कमी आणि पुढे वाढत जाणारं भाडं लावलं की जागा गिऱ्हाइकाला मिळते. मोफत जागा नेहमी सर्वांत आधी येणाऱ्यालाच मिळते, आणि तो खरेदीला आलेला नसतो.

आधी खडूने, मग सिमेंटने

आराखडा कागदावर मान्य करून घेण्याच्या नादी लागू नका, रस्त्यावर मांडून दाखवा. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला होता. सांगलीत एक रविवार आणि मग एक कामाचा आठवडा, असं करता येईल. वाहतूक शाखेची परवानगी घ्या. चुना, कोन, वाळूच्या गोण्या, झाडांच्या कुंड्या आणि दोरी एवढ्यावर कोपरे अरुंद करता येतात, लेन आखता येतात. रविवारचा प्रयोग लोकांना आवडतो. कामाच्या आठवड्यात दोष कळतात. कचऱ्याची घंटागाडी कुठे अडली, शाळेच्या रिक्षा कुठे थांबल्या, ॲम्ब्युलन्सला किती वेळ लागला ते लिहा. आधीच्याच खुणांवर वेग आणि माणसं पुन्हा मोजा.

कागद आणि काम

महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच प्रस्ताव गेला पाहिजे. दोन पानं पुरतात: आजचा आडवा छेद (भिंतीपासून भिंतीपर्यंत रुंदीची वाटणी दाखवणारं चित्र), नवा आडवा छेद, गणतीचे आकडे, प्रयोगाचे फोटो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे फूटपाथ हा संविधानाच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं, त्याचा उल्लेख करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ मध्ये रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर एक लाखापर्यंत दंड आहे. तो पहिल्याच भेटीत काढू नका, पण पाठीशी असू द्या. नगरसेवक, शहर अभियंता आणि वाहतूक शाखा यांना शक्यतो एकाच वेळी जागेवर बोलवा, आणि प्रत्येकाला त्या रस्त्याने एकदा चालायला लावा.

काम सुरू झाल्यावर टेप घेऊन रोज एक चक्कर मारा. नळ, ड्रेनेज आणि केबलचं खोदकाम ब्लॉक बसण्याआधी संपलं का, चेंबरची झाकणं फूटपाथच्या पातळीत आली का, डीपी मिश्र पट्ट्यातच उभा राहतोय का, हे तिथेच पाहायचं. चूक दिसली तर मोजपट्टीसकट फोटो काढून कनिष्ठ अभियंत्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. ठेकेदाराच्या दोषदायित्वाची, म्हणजे कामातले दोष त्यानेच दुरुस्त करून देण्याची, मुदत निविदेत असते, तिची प्रत आधीच मागून ठेवा. त्या मुदतीतल्या पहिल्या मोठ्या पावसात बाहेर पडा, पाणी जिथे जिथे तुंबलंय तिथे खडूने गोल काढायची सोय नसते म्हणून दुकानांच्या पाट्यांवरून जागा लिहून घ्या, आणि ती यादी त्याच आठवड्यात महापालिकेत द्या.